सहा तासांचा खेळ

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची झाली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा रक्त द्यायचं, तेही एकदाच. सोपं वाटतं. पण या सोपेपणावर जाहीर आक्षेप घेतला तो अँड्र्यू सिंक्लेअर यांनी. म्हणजे १९९० साली हे जनुक शोधणाऱ्या चमूतल्याच शास्त्रज्ञाने!

चाचणी फक्त जनुक आहे की नाही ते सांगते. गर्भात मात्र सगळं अडतं ते त्यापासून प्रथिन कधी आणि किती तयार होतं यावर. उंदराच्या गर्भात हे जनुक साधारण साडेदहाव्या दिवशी जागं होतं, साडेअकराव्याला जोरात असतं आणि पुढच्या एका दिवसात जवळजवळ गप्प होतं. तेवढ्यात त्याच्या प्रथिनाने सॉक्स-९ या दुसऱ्या प्रथिनाची पातळी वाढवायची असते. ती पुरेशी चढली की जननग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते आणि तिथल्या सर्टोली पेशी गर्भाशयाच्या होऊ घातलेल्या नळ्या विरघळवणारं प्रथिन सोडतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की या सगळ्याच्या सुरुवातीला मुहूर्त जेमतेम सहा तासांचा. तो टळला की ग्रंथी अंडाशयाकडे वळते.

२०१८ मध्ये लंडनच्या रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या प्रयोगशाळेने तर सॉक्स-९ च्या जनुकाला हातही लावला नाही. त्यापासून डीएनएची पाच लाखांहून अधिक अक्षरं दूर असलेला ५५७ अक्षरांचा एक नियंत्रक तुकडा फक्त कापला. वाय गुणसूत्र शाबूत, एसआरवाय शाबूत, तरी उंदरांच्या पिल्लांना अंडाशय! बोळ्याची चाचणी त्यांना नरच ठरवेल.

आणि जपानच्याच अमामी बेटावरच्या काटेरी उंदरात वाय गुणसूत्रच उरलेलं नाही, एसआरवायही नाही. तरी नर जन्मतात. २०२२ मध्ये उलगडा झाला तो असा, की त्यांच्या सॉक्स-९ जवळचा सुमारे १७ हजार अक्षरांचा तुकडा दुपटीने आहे.

महिला गटात स्पर्धा न्याय्य असावी, ही जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाची चिंता खोटी नाही. हत्यार मात्र भोंगळ निवडलंय. पुरुषी संप्रेरक ओळखणारं ग्राहक प्रथिनच ज्यांच्यात अजिबात चालत नाही, अशा खेळाडूंना एसआरवाय असूनही नियमांतच सवलत आहे. ती कुणाला लागू, हे बोळा सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांची सविस्तर तपासणी लागतेच. सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी हेच ऑलिंपिक समितीला पटवलं होतं आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकला ही चाचणी बंद झाली होती.