‘रिप्युडिएट’ : एका क्रियापदाच्या अर्थच्छटा

इंग्रजीतील ‘रिप्युडिएट’ या क्रियापदासाठी मराठीत सर्रास ‘नाकारणे’ हा प्रतिशब्द योजला जातो. तो चुकीचा नव्हे; मात्र अपुरा आहे. ‘रिजेक्ट’ आणि ‘रिप्युडिएट’ यांतील भेद त्यामुळे पुसला जातो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘रेपुडिउम’ या नामात आहे. रोमन विधिव्यवहारात वाग्दत्त वधूचा वा पत्नीचा एकतर्फी त्याग, असा त्याचा अर्थ होता. आधी जुळलेले नाते तोडणे, ही कल्पना या क्रियापदाच्या पुढील बहुतेक अर्थांत टिकून राहिली आहे. आलेला प्रस्ताव आपण ‘रिजेक्ट’ करतो. ‘रिप्युडिएट’ करतो ते प्रामुख्याने आपल्यावर असलेले वा आपल्यावर लादले जाणारे बंधन.

त्याच्या चार छटा सांगता येतील. पहिली, व्यक्तीशी वा मताशी असलेला संबंध तोडणे. दुसरी, आरोप असत्य म्हणून फेटाळणे. तिसरी, ऋणाचे दायित्व अमान्य करणे. सोव्हिएत सरकारने १९१८ मध्ये झारकालीन कर्जांबाबत हेच केले. येथे कर्ज फेडण्याची असमर्थता नव्हे, तर ते आपल्यावर बंधनकारकच नाही ही भूमिका अभिप्रेत असते. चौथी, कराराचे पालन करणार नाही असे उक्तीने वा कृतीने स्पष्ट करणे.

मराठीत ‘झिडकारणे’मध्ये तिरस्कार आहे, ‘अव्हेरणे’मध्ये अनादर आहे, तर ‘कानांवर हात ठेवणे’ यात जबाबदारी टाळण्याचा भाव आहे. विधिविषयक अर्थासाठी यांपैकी एकही शब्द पुरेसा तटस्थ नाही.

ही अडचण केवळ कोशकाराची नाही. हिंदू विवाह अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रीला घटस्फोटाचे एक कारण उपलब्ध झाले : पंधरा वर्षांपूर्वी विवाह झाला असेल आणि पंधरा पूर्ण झाल्यावर, परंतु अठरा पूर्ण होण्यापूर्वी, तिने तो ‘रिप्युडिएट’ केला असेल, तर तिला घटस्फोटासाठी अर्ज करता येतो. तिने विवाह ‘नाकारला’ असे म्हटल्यास तो झालाच नव्हता असा भास होतो. ‘झिडकारला’ म्हटल्यास तिच्या विधिमान्य निर्णयाला उद्दामपणाचा रंग चढतो. येथे ‘विवाहबंधन अमान्य केले’ ही रचना अधिक समर्पक ठरेल, कारण तीत बंधनाचे अस्तित्व आणि ते न मानण्याचा अधिकार, दोन्ही व्यक्त होतात.

पत्नीच्या त्यागासाठी रूढ झालेल्या शब्दातून आलेले क्रियापद येथे स्त्रीच्या निर्णयाचे वाचक झाले आहे. प्रतिशब्द निवडताना म्हणूनच कोशातील पहिल्या अर्थावर न थांबता, कोण, काय आणि कोणत्या अधिकाराने अमान्य करीत आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.