अश्वशक्ती बॉनेटवर, ओढ हुकावर



गळीत हंगाम जवळ आला की ऊसवाहतुकीचा करार करणारे सभासद एक प्रश्न हमखास विचारतात : “ट्रॅक्टर ४५ चा घ्यावा की ५५ चा?” प्रश्न रास्त आहे. त्यात लाखांची रक्कम आणि बँकेचा हप्ता गुंतलेला असतो. पण फडात कधी कधी निराळेच दिसते. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह रुतून बसतो, आणि ३५ चा जुना, जड ट्रॅक्टर सावकाश निघून जातो. असे का होते, ते समजून घेतले तर पैसा वाचेल, क्लचप्लेट वाचेल आणि प्रसंगी माणूसही वाचेल.

पहिली गोष्ट म्हणजे अश्वशक्ती हा नुसता जोर नव्हे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. तीत जोर आणि वेग दोन्ही आले. नुसत्या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. पान्याची दांडी लांब असली की घट्ट नट सुटतो, तोच हा जोर. ४५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याचा टॉर्क सुमारे १६ किलो-मीटर भरतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला १६ किलोचा जोर. ट्रॉली जागची हलते त्या क्षणी तिचा वेग शून्य असतो, म्हणून हुकावरची अश्वशक्तीही शून्यच! तेव्हा कामाला येतो तो फक्त टॉर्क.

या ‘जागचे निघण्या’चा विचार सर्वांत जास्त केला असेल तर अमेरिकेतील मोटारींच्या ड्रॅग शर्यतीत. उभ्या मोटारीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ अंतर कमीत कमी वेळात तोडायचे, अशी ही शर्यत. तिथल्या पुष्कळ मोटारींत क्लचप्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवते, आणि त्याने फेकलेल्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो. मधला तिसरा पंखा तेलाला वळण देऊन परत पाठवतो, त्यामुळे निघताना टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. हे यंत्र हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी शोधले.

गाडी ब्रेकवर धरून इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढू शकते, त्याला ‘स्टॉल स्पीड’ म्हणतात. नेहमीच्या मोटारीत ते २००० च्या आसपास असते. शर्यतीसाठी मुद्दाम चार-पाच हजारांचा कन्व्हर्टर बसवतात, कारण शर्यतीच्या इंजिनाला कमी फेऱ्यांवर दमच नसतो. चढलेल्या फेऱ्यांवर गाडी सुटते आणि वेळ वाचतो. पाहणाऱ्याला वाटते, अश्वशक्ती वाढली. तसे काही होत नाही. इंजिन तेच, शक्ती तीच. उलट तेलाच्या घसरणीत काही शक्ती उष्णतेत जाते, म्हणून तेल थंड करायला वेगळा कूलर लावतात. गावात माती काढायला येणाऱ्या जेसीबीतही टॉर्क कन्व्हर्टर असतो. बकेट ढिगाऱ्यात अडली तरी इंजिन बंद पडत नाही, ते त्यामुळेच.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत कोरडी क्लचप्लेट असते. तरी काही ड्रायव्हर शर्यतीसारखेच करतात : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि हाफ क्लचवर ट्रॉली ओढायची. तिथे तेल घसरते, इथे प्लेट घासते. नीट निघतानासुद्धा क्लच लागेपर्यंत इंजिनाने दिलेल्या शक्तीतील जवळपास निम्मी शक्ती प्लेट तापवण्यात जाते. रेस वाढवून क्लच धरून ठेवला की ही उष्णता कितीतरी वाढते. जळका वास आला म्हणजे तुमचाच पैसा जळतो आहे असे समजा. शिवाय त्याची गरजही नसते. बऱ्याच डिझेल इंजिनांचा सर्वांत जास्त टॉर्क १२०० ते १४०० फेऱ्यांच्या आसपासच मिळतो. लो गिअर टाका, रेस मध्यम ठेवा, क्लच सावकाश पण पूर्ण सोडा. टॉर्क वाढवण्याचे आपले साधन गिअर हेच आहे.

दुसरा भाग पकडीचा. धरा, भरलेली चारचाकी ट्रॉली १० टनांची आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ती ओढायला सुमारे २०० किलोची ओढ पुरते. भुसभुशीत रानात १००० किलो किंवा त्याहून अधिक लागते. वीस फुटांत एक फूट असा चढ आला की आणखी ५०० किलो. लो गिअरमध्ये इंजिन हिशेबाने तीन टनांची ओढ देऊ शकेल. पण दोन टनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सव्वा टन भार असेल, तर सुक्या घट्ट मातीत पकड मिळते सहा-सातशे किलोची, ओल्या मातीत त्याहून कमी. मग चाके जागीच फिरतात आणि खड्डा पाडतात. इथे ५५ चा ट्रॅक्टरही तोच खड्डा जरा लवकर पाडेल, एवढेच! उपाय इंजिनात नाही. चाकांच्या ट्यूबमध्ये पाणी भरणे, चाकांना वजने लावणे, टायरच्या नक्षीकडे लक्ष देणे, आणि ओल्या फडातून ट्रॉली अर्धी भरून बाहेर काढून बांधावर पूर्ण भरणे, हे उपाय आहेत.

तिसरी गोष्ट जिवाची. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. मागच्या आसाच्या वर साखळी बांधून ओढ घेतली, तर अडलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागे खेचते. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. हे क्षणात होते, क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. म्हणून चढावर झटका देऊन क्लच सोडू नये.

जुन्या काळी अमेरिकेत ट्रॅक्टरच्या नावातच ‘१५-३०’ असे दोन आकडे असत. पहिला हुकावरच्या शक्तीचा, दुसरा पट्ट्यावरच्या. कंपन्यांचे दावे तपासून पाहावेत म्हणून नेब्रास्का राज्याने १९१९ साली चाचणीचा कायदाच केला. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात हुकावरची ओढ, त्या वेळची चाकांची घसरण आणि डिझेलचा खर्च दिलेला असतो.

तेव्हा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याला केवळ “किती एचपी?” असे विचारू नका. वजन किती, टॉर्क किती आणि किती फेऱ्यांवर, हुकावर ओढ किती, हे विचारा आणि चाचणी अहवाल मागा. आपला ऊस काट्यावर पोहोचतो तो हुकावरच्या ओढीने, बॉनेटवरच्या आकड्याने नव्हे.