असं का होतं? : डोळ्याच्या आतली बुरशी

उज्जैनच्या राम घाटावर क्षिप्रेत बुडी मारली की डोळे चुरचुरतात, लाल होतात. बहुतेकांचे आपोआप निवळतातही. अश्रू आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा घाण आत शिरू देत नाहीत. मग बुरशी थेट डोळ्याच्या आत पोचते कशी?

काटा घुसून, क्वचित शस्त्रक्रियेनंतर, नाहीतर रक्तावाटे. बेताल मधुमेह, बराच काळ चाललेली स्टेरॉईड, यांनी धोका वाढतो. २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत भारतातल्या डॉक्टरांनी हे पाहिलं.

खरी पंचाईत निदानाची. नजर धूसर, थोडी लाली, दुखणं कधीकधी अगदी कमी. साधी सूज समजून नुसतं स्टेरॉईड दिलं, तर बुरशीला रान मोकळं! म्हणून डोळ्यातल्या जेलीत पांढरे पुंजके दिसले, की बारीक सुईनं जेमतेम ०.२ मिलिलिटर जेली काढतात. काचपट्टीवर तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात. खोबरं कुजलं तरी करवंटी टिकते, तशा पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात, कारण त्यांच्या भिंतीत चिवट कायटिन असतं. कायटिनला चिकटणारा रंग घातला, तर अतिनील प्रकाशात ते धागे निळसर चमकतात.

जात कळायला मात्र नमुना वाढवावा लागतो. त्याला कधी दोन आठवडेही लागतात. जनुकतपासणी काही तासांत इशारा देते. तोवर डॉक्टर थांबत नाहीत; संशय दाट असेल तर व्होरिकोनॅझोलसारखं औषध थेट डोळ्यात टोचतात.