आभासी लीगमधील क्रमवारीचे पूर्वानुमान : गुणतक्ता कसा वाचावा?

प्रस्तावना :
पावसाळा सरला की सिंधुदुर्गातील गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात, आणि उन्हाळ्यात आयपीएलचा हंगाम येतो. शिरोड्यासारख्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तेव्हा एकच प्रश्न असतो : यंदा पहिला कोण येणार? या उत्सुकतेला गेल्या काही वर्षांत पैशाची जोड मिळाली होती. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला. तथापि कायद्याने व्यवहार थांबतो, समज बदलत नाही. 'मला खेळ कळतो, म्हणून मला निकालही कळतो' हा तो समज होय. तो तपासण्याचे एक सोपे साधन म्हणजे आभासी लीग. क्रमवारीचे पूर्वानुमान कसे केले जाते व त्याची मर्यादा कोठे येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आभासी लीग म्हणजे काय?
या प्रकाराचा उगम अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आढळतो. 'ॲपबा' (1951) आणि 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' (1961) हे फासे व पत्त्यांचे खेळ तेथे लोकप्रिय झाले. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते, त्यावर त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीला अनुरूप अशी फलिते नोंदलेली असतात. फासा टाकावा आणि कार्डावरील फलित वाचावे. अशा रीतीने घरबसल्या संपूर्ण हंगाम खेळता येतो. आज हेच काम संगणक क्षणार्धात करतो.

आभासी लीगचा मोठा गुण असा की तेथे प्रत्येक संघाची खरी ताकद आपणच ठरविलेली असते. प्रत्यक्ष स्पर्धेत केवळ निकाल दिसतो, ताकद झाकलेली राहते. आभासी लीगमध्ये दोन्ही समोर असल्याने निकालातून ताकद किती ओळखू येते, हे पाहता येते.

धावांवरून विजयांचा अंदाज :
बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी एक सुटसुटीत सूत्र मांडले. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यावा व त्यास, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. येणारा भागाकार म्हणजे विजयांचे अपेक्षित प्रमाण. सामन्यामागे 5 धावा काढणाऱ्या व 4 धावा देणाऱ्या संघासाठी हे प्रमाण 25 भागिले 41, म्हणजे सुमारे 0.61 येते. अमेरिकेतील 162 सामन्यांच्या हंगामात याचा अर्थ सुमारे 99 विजय असा होतो.

विजय मोजण्याऐवजी धावा का मोजाव्यात? एका धावेचा विजय आणि दहा धावांचा विजय तक्त्यात सारखेच गुण मिळवतात, परंतु ताकदीविषयी ते सारखीच माहिती देत नाहीत. निसटत्या सामन्यांत दैवाचा वाटा मोठा असतो, फरकाची सरासरी तो वाटा काही अंशी कमी करते.

योगायोगाचा वाटा :
समजा, सहा वाड्यांचे सहा संघ आहेत व सर्व तंतोतंत समान ताकदीचे आहेत. प्रत्येक संघ इतर पाचांशी दोनदा, म्हणजे एकूण 10 सामने खेळतो आणि प्रत्येक निकाल नाणे उडवून ठरतो. अशा लीगमध्येही अव्वल संघाचे सरासरीने सुमारे 7 आणि तळाच्या संघाचे सुमारे 3 विजय होतात. तक्ता पाहणारा मात्र पहिल्या संघाच्या डावपेचांची व शेवटच्याच्या बेशिस्तीची कारणमीमांसा करू लागतो.

आता हाच निकष आयपीएलला लावू. 10 संघ, प्रत्येकी 14 सामने आणि निकाल नाण्यावर, अशी कल्पना केल्यास विजयांचे प्रमाण विचलन सुमारे 1.87 येते. अव्वल संघाचे सुमारे 10 व तळाच्या संघाचे सुमारे 4 विजय अपेक्षित ठरतात. 2023 च्या हंगामात अव्वल गुजरातचे 10 व तळाच्या हैदराबादचे 4 विजय होते. त्या हंगामातील दहाही संघांच्या विजयांचे प्रमाण विचलन सुमारे 1.64, म्हणजे नाण्याच्या लीगपेक्षाही कमी होते. यावरून सर्व संघ समान होते असे सिद्ध होत नाही, परंतु केवळ विजयांच्या तक्त्यावरून त्यांच्यातील भेद सिद्ध करता येत नाही, एवढे निश्चित.

बेसबॉलच्या 162 सामन्यांत योगायोगाचे विचलन सुमारे 6.4 विजय असते. वर उल्लेखिलेला 0.61 प्रमाणाचा संघ सरासरीच्या सुमारे 18 विजय पुढे राहतो व स्पष्ट उठून दिसतो. 14 सामन्यांत त्याच संघाची आघाडी जेमतेम दीड विजयाची असते, ती योगायोगातच बुडून जाते. शिरोड्याच्या मिठागरात एका दिवसाच्या उन्हावरून हंगामाच्या मिठाचा हिशेब कोणी मांडत नाही, हा विवेक येथेही लागू पडतो.

पूर्वानुमानाची रीत :
प्रथम धावांच्या फरकावरून प्रत्येक संघाची ताकद ठरवावी. सामने थोडे असल्यास हा अंदाज सरासरीकडे सरकवून घ्यावा. त्यानंतर प्रत्येक जोडीची विजय-संभाव्यता काढावी. उदाहरणार्थ, 0.6 ताकदीचा संघ 0.4 ताकदीच्या संघाविरुद्ध जिंकण्याची संभाव्यता जेम्स यांच्याच दुसऱ्या एका सूत्रानुसार सुमारे 0.69 येते. शेवटी संपूर्ण हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवावा आणि कोणता संघ कोणत्या स्थानी किती वेळा आला, हे मोजावे. 'अमुक संघ पहिला येईल' असे या रीतीचे उत्तर कधीच नसते. 'इतक्या शक्यतेने येईल' असे ते असते.

आयपीएलमध्ये धावांचा फरक निव्वळ धावगतीतून दिसतो. 2023 मध्ये मुंबईचा संघ उणे 0.044 धावगतीने चौथा, तर राजस्थानचा अधिक 0.148 धावगतीने पाचवा होता. 2024 मध्ये मुंबई तळाला गेली व राजस्थान तिसरा आला. येथे धावगती तक्त्यापेक्षा बोलकी ठरली. परंतु 2025 मध्ये तोच राजस्थान नवव्या स्थानी घसरला आणि अधिक 1.142 अशी सर्वांत सरस धावगती असूनही मुंबई चौथीच राहिली. खेळाडू बदलतात, कर्णधार बदलतात आणि योगायोग कायम असतो. एखाद्या उदाहरणाने कोणतेही सूत्र सिद्ध होत नाही.

अध्यापनातील उपयोग :
हा प्रयोग वर्गात एका फाश्याने करता येतो. सहांपैकी एक संघ बलवान मानावा. त्याच्या सामन्यात 1 ते 4 पडल्यास तो विजयी, 5 वा 6 पडल्यास पराभूत. प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची संभाव्यता दोन-तृतीयांश असूनही 10 सामन्यांच्या हंगामात तो निम्मे वा त्याहून कमी सामने जिंकण्याची संभाव्यता सुमारे 0.21 आहे. म्हणजे साधारण पाच हंगामांत एकदा सर्वोत्तम संघ सामान्य भासतो. विद्यार्थ्याने हे स्वतःच्या हाताने अनुभवले की पैजेची खात्री आपोआप ढळते.

समारोप :
हा विषय क्रीडांगणापुरता सीमित नाही. 20 विद्यार्थ्यांच्या शाळेत एक विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास निकाल 5 टक्क्यांनी घसरतो, आणि त्यावरून शाळेची व शिक्षकांची प्रतवारी होते. याउलट, हजारो परीक्षार्थी असलेल्या कोकण विभागीय मंडळाची निकालातील आघाडी वर्षानुवर्षे टिकून राहिली आहे. ती योगायोगाने समजावता येत नाही. म्हणून कोणतीही क्रमवारी वाचताना प्रथम दोन प्रश्न विचारावेत : ही किती सामन्यांवर आधारलेली आहे, आणि पुढील हंगामात ती टिकली काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पहिल्याचा गौरव आणि शेवटच्याची निर्भर्त्सना, दोन्ही थोडी आवरून धरणे इष्ट होय.