परसदारचा थिरथिरा

दसरा झाला, पहाटेच्या हवेत गारवा आला, म्हणजे इचलकरंजीतल्या आमच्या परड्यात एक बारीक टिकटिक ऐकू येऊ लागते. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो; तरी ती ऐकू येते. कुंपणाच्या दगडावर चिमणीएवढा एक पक्षी बसलेला असतो. तो पुढे वाकतो, ताठ होतो, आणि त्याची शेपटी हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. हाच थिरथिरा. नर वरून काळा, पोटाखाली विटकरी, मादी मातकट. शेपटीचा तांबूस रंग मात्र दोघांचाही, आणि ओळखायची खूण तीच. दयाळाशी त्याची गल्लत करू नये. दयाळ मोठा, आणि त्याच्या पंखावर पांढरा पट्टा असतो.

हा पक्षी इथला नव्हे. त्याची वीण हिमालयातल्या आणि त्यापलीकडल्या उंच, उजाड मुलखात होते. तिकडे थंडी पडली की किडेमुंग्या दिसेनाशा होतात, आणि हा तर किड्यांवर जगणारा. म्हणून तो दक्षिणेकडे निघतो व उन्हाळा लागला की परततो. थंडीला भिऊन पक्षी पळतात असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. पिसांचा कोट अंगावर असतोच. त्याला हलवते ते पोट. १९८२ च्या संपानंतर आमचे वडील मुंबईची गिरणी सोडून इकडे आले, तेही त्याच कारणाने. असो, कोठल्याही गोष्टीत कामगार आणण्याची आमची खोड जुनीच आहे.

त्याच सुमारास न्हाणीच्या सांडपाण्यावर धोबी येतो, शेपटी खालीवर करीत. हे पाहुणे वाटेल तेथे उतरत नाहीत. मुंबईत एका करड्या धोब्याला खुणेचे वाळे घातले होते. तो पुढल्या हिवाळ्यांतही नेमका त्याच हिरवळीवर आला!

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी आम्ही वांग्यांवर किडीची पावडर मारली, शेवग्याचा गळलेला पाला झाडून जाळला. परडे लख्ख झाले. त्या हिवाळ्यात थिरथिरा दोन दिवस दिसला, मग नाही. पावडरीनेच गेला असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. दाणे टाकून पाहिले. ते चिमण्यांनी आणि होल्यांनी खाल्ले. ज्याला मुंगी पाहिजे त्याला ज्वारी देऊन काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात पावडर बंद केली आणि कुंपणाकडेचा पाला तसाच ठेवला. विंचू निघतील, अशी घरातून तक्रार आली. तक्रार रास्त होती, म्हणून दारापासून लांबचा कोपरा ठरला. वाटाघाटी आम्हांला नवीन नाहीत. कार्तिकात एके सकाळी मादी आली. पूर्वीचीच की दुसरी, हे वाळ्यावाचून कळायला मार्ग नाही. चहा घेऊन पायरीवर बसावे आणि हलू नये, एवढेच करायचे. ती दगडावरून पाल्यात उतरते, काहीतरी टिपते, आणि पुन्हा दगडावर जाऊन शेपटी थरथरवते.