आघाडीच्या कणाला वंशावळ आवरते

एक कण घ्या. दर पिढीला एकाचे दोन होतात आणि प्रत्येक जण पुढे किंवा मागे आपापली उडी घेतो. उड्यांची सरासरी शून्य, प्रमाण विचलन १, वितरण घंटाकृती. शंभराव्या पिढीत कणांची संख्या एकावर तीस शून्यांच्याही पुढे जाते. या गर्दीत सर्वांत पुढचा कण कुठे असेल?

ढोबळ उत्तर सोपं आहे. आघाडी दर पिढीला सुमारे १.१८ एककं सरकते, म्हणजे शंभर पिढ्यांत ११८. खरं कुतूहल आहे ते त्यातून काय वजा करायचं याचं. एवढेच कण एकमेकांशी काहीही नातं नसलेले असते, तर वजावट सुमारे २ आली असती. वंशावळीत ती जवळपास ६ येते. बरोबर तिप्पट! अशाच अखंड गतीच्या प्रतिमानासाठी मॉरी ब्रॅमसन यांनी १९७८ मध्ये हे सिद्ध केलं.

तिप्पट का? सुट्या कणाला सुरुवातीलाच मुसंडी मारून नंतर रेंगाळायची मुभा असते. वंशावळीत दहाव्या पिढीत कण असतात अवघे १,०२४. त्यांतला कुणी १२ च्या फारसा पुढे असणं जवळजवळ अशक्य. म्हणजे विजेत्याचा प्रत्येक पूर्वज आपापल्या पिढीच्या मर्यादेआतच राहिलेला असतो. शंभर पिढ्या ही अट पाळायची, तर शक्यता साधारण शंभरपटीने घटते. ती भरून काढायला सुमारे ४ एककं मागे सरावं लागतं. मला हा युक्तिवाद संभाव्यताशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो.

पण हे झालं एकसारख्या जमिनीवर. फायदेशीर जनुक कसं पसरतं याचं समीकरण रॉनल्ड फिशर यांनी १९३७ मध्ये मांडलं आणि त्याचं आघाडीच्या कणाशी असलेलं नातं हेन्री मॅक्कीन यांनी १९७५ मध्ये दाखवलं. खऱ्या जगात मात्र एक पट्टा सुपीक, तर शेजारचा उजाड. ठिकाणागणिक प्रजननाचा वेग चिठ्ठ्या टाकून ठरवला तर काय होतं? यिरी चेर्नी आणि अलेक्झांडर ड्रेविट्स यांनी २०२० मध्ये एका रेषेवरच्या अशा प्रतिमानाचं उत्तर दिलं: आघाडीचा चढउतार काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. काळ १०,००० असेल तर वर्गमूळ १००. ब्रॅमसन यांची वजावट काळाच्या ज्या नैसर्गिक लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते, तो जेमतेम ९. एवढा मोठा चढउतार येतो तो जमिनीमुळे, कणांच्या नशिबामुळे नव्हे. तीच जमीन ठेवून खेळ पुन्हा मांडला, तर आघाडी जवळपास त्याच जागी येते.