पाव आठ

श्टुटगार्टमधल्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी कामावर पन्नास मिनिटं उशिरा पोचले, आणि तेही दहा मिनिटं लवकर आल्याच्या ऐटीत! आदल्या दिवशी आमच्या मजल्याच्या प्रमुख बाईंनी सांगितलं होतं, ''उद्या फिर्टल आख्टला बैठक आहे.'' फिर्टल म्हणजे पाव, आख्ट म्हणजे आठ. मिरजेच्या मुलीला त्यात न कळण्यासारखं काय आहे? सव्वाआठ! मी आठ वाजून पाच मिनिटांनी केस घट्ट बांधून, वही-पेन घेऊन हजर झाले, तर बैठक कधीच संपलेली आणि मंडळी कॉफीचे कप विसळत होती.

पुण्यात वर्षभर घासून घासून जर्मन शिकले होते. बी-२ची परीक्षा दिली होती. पुस्तकात सव्वासाताला 'सातनंतर पाव' म्हणायला शिकवलेलं. पण श्टुटगार्ट पडलं श्वाबेन भागात, आणि इथली घड्याळाची भाषा वेगळी. सात वाजून गेले की इथल्या माणसाच्या हिशेबी आठवा तास सुरू होतो. तो पाव भरला की 'पाव आठ', म्हणजे आपले सव्वासात. अर्धा भरला की 'अर्धे आठ', म्हणजे साडेसात. पाऊण भरला की 'पाऊण आठ', ते मात्र आपल्या पावणेआठशी बरोबर जुळतं. हे सगळं त्या बाईंनी मला कागदावर भाकरीसारखा गोल काढून, त्याचे चतकोर रंगवून समजावलं. रागावल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर 'ही मुलगी औषधाच्या वेळा कशा पाळणार?' ही काळजी मला स्पष्ट वाचता आली.

मी परिचारिका आहे. शिक्षण मिरजेत, तिथंच एका रुग्णालयात तीन वर्षं नोकरी, मग पुण्यात भाषेचा अभ्यास आणि २०२२च्या सप्टेंबरपासून इथे, वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबेर्ग या राज्यांमध्ये २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून सांगली-मिरजेकडून बरेच फोन येतात. कुणाच्या मावसबहिणीला यायचं असतं, कुणाच्या भाच्याला. पगार विचारतात, थंडी विचारतात, शेवटी हमखास विचारतात, ''तिकडं दिवसभर करता तरी काय?'' आमच्या घरच्यांना मी पाठवते ते फोटो बर्फाचे आणि नेकार नदीच्या काठावरच्या द्राक्षमळ्यांचे. (हो, शहरात द्राक्षमळे आहेत. तासगावची आठवण येते.) खरी साहसं फोटोत येत नाहीत. ती जिन्यात, कचऱ्याच्या डब्यापाशी आणि दुकानातल्या यंत्रासमोर घडतात.

आता जिन्याचंच सांगते. राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलं. वर लिहिलेलं 'केरवोखे'. मला वाटलं, काही जाहिरात असेल. मी ती काढून आत ठेवली. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवली आणि अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं, की जिना झाडायचा आठवडा तुमचा चालू आहे, हे आपल्याला माहीत आहे ना? श्वाबेनमधली ही जुनी पद्धत. बिऱ्हाडांनी पाळीपाळीने एकेक आठवडा जिना, दारापुढचा रस्ता, तळघराची वाट झाडायची, पुसायची. हिवाळ्यात दारापुढचं बर्फही ओढायचं. झालं की पाटी शेजारच्या दारावर. 'केरेन' म्हणजे झाडणं. आपला केर आणि त्यांचा केर यांचं काही नातं आहे का, ते भाषेच्या अभ्यासकांनी बघावं. मला मात्र त्या दिवसापासून तो शब्द कधी विसरला नाही. मी झाडून पुसून वर आले, तर आजोबा पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघत होते. आमच्या आजीचीच सवय!

भाषेत असे पाहुणे-पै अधूनमधून भेटतात. इंग्रजीत आधी वीस मग पाच. जर्मनमध्ये आधी पाच मग वीस, अगदी आपल्या पंचवीससारखे. माझ्याबरोबरची फिलिपिन्सची मुलगी टेलिफोन नंबर लिहून घेताना रडकुंडीला यायची, मी मात्र सरळ लिहीत जायची. दीडला स्वतंत्र शब्द आहे. तो, ती, ते अशी तीन लिंगंही आहेत. फक्त सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी! आमच्याकडेही पोरीला लाडात 'ते पोरगं' म्हणतात, असं मी वर्गात सांगितलं, तेव्हा बाईंना फार गंमत वाटली होती.

रिकाम्या बाटल्यांचं यंत्र हे आणखी एक प्रकरण. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली विकत घेतली की पंचवीस सेंट अनामत धरतात. बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर द्यायची. मी पहिल्या महिन्यात सवयीनं बाटल्या चेपून चेपून पिशवी भरली. यंत्र एकेक बाटली आत घेई आणि तितक्याच शांतपणे बाहेर काढून देई, कारण चेपल्यामुळे वरची खूण त्याला वाचता येत नव्हती. मागे रांग. रविवारी दुकानं बंद असतात हे कळायलाही मला एक उपाशी रविवार लागला. त्या दिवशी मी मेतकूट-भात खाल्ला, आणि फोनवर आईला ''आज पुलाव केला होता'' असं सांगितलं.

इथूनच सुरू झालं म्हणायचं, ते सांगण्यातलं थोडंसं झाकणं.

कारण मोठी गोष्ट मी घरी सांगितलीच नव्हती. आपल्याकडे रुग्णालयात परिचारिका सलाइन लावते, इंजेक्शनं देते, तक्ते भरते. रुग्णाला पुसून काढणं, भांडं देणं, भरवणं, हे मावशी करतात, नाहीतर उशाशी बसलेले नातेवाईक. इथे नातेवाईक भेटायला येतात, फुलं आणतात, जातात. आंघोळ, कपडे, कूस बदलणं, लंगोट बदलणं हे सगळं परिचारिकेचंच काम. ते शुश्रूषेचा गाभा समजतात. त्यात माझ्या पदवीला इथली मान्यता मिळेपर्यंत पगारपत्रकावर माझं पद 'मदतनीस' असंच होतं. चार वर्षं शिकून मी जर्मनीत म्हाताऱ्यांची आंघोळ घालते, हे अण्णांना कसं सांगायचं? अण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. पहिले दोन महिने मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि सकाळी बर्फाचा फोटो पाठवला.

मग एके दिवशी बोलणी खाल्ली. चौदा नंबरच्या खोलीतल्या आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. हात थरथरायचा, चमच्यातलं सूप निम्मं टेबलावर सांडायचं. मला राहवेना. मी खुर्ची ओढून त्यांना भरवायला लागले. वीस मिनिटांचं जेवण सहा मिनिटांत झालं, टेबल स्वच्छ, आजी मुकाट. मला वाटलं, छान काम केलं! प्रमुख बाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, ''तू आज त्यांचा एक हात काढून घेतलास.'' मी चक्रावले. मग त्यांनी समजावलं, की माणसाला जे स्वतः करता येतं ते त्यालाच करू द्यायचं, तोंड स्वतः पुसू द्यायचं, गुंडी स्वतः लावू द्यायची, मग अर्धा तास का लागेना. आपण शेजारी थांबायचं. आज भरवलं तर महिन्याभरात तो हात चमचा विसरेल. या पद्धतीला त्यांच्याकडे नावच आहे, 'माणसाला कार्यरत ठेवणारी शुश्रूषा'. पटायला मला वेळ लागला. आपल्याकडे माया म्हणजे 'तू बस, मी करते'. सुनेनं सासूला उठू दिलं तर शेजारीपाजारी नावं ठेवतील! शेजारी नुसतं थांबणं हे करण्यापेक्षा फार अवघड आहे, सांडलेलं सूप बघत राहणं तर त्याहून.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र कुणी समजू नये. सणाच्या दिवशी सुद्धा ज्यांच्याकडे कुणी येत नाही, अशी माणसं माझ्या मजल्यावर आहेत. १९९५पासून या देशात शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे, किती मदत लागते त्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत, कागदपत्रं चोख आहेत. पण संध्याकाळी पाच वाजता खिडकीपाशी बसलेल्या माणसाला कागद काय करणार? आणि हात नेहमीच कमी. 'शेजारी थांबा' म्हणायचं आणि बारा जणांना दोघींनी उठवायचं, हे गणित कुठल्याच मजल्यावर सुटत नाही.

२०२३च्या ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. माझी रात्रपाळी होती. त्या रात्री तीन वाजता घड्याळं एक तास मागे नेतात, हिवाळ्याची वेळ लागते; म्हणजे पाळी तासाभरानं लांबते. दोन ते तीन हा तास मी दोनदा काढला. त्या जास्तीच्या तासात दादाचा मेसेज आला. मिरजेत सकाळ झालेली. 'सवड मिळाली की फोन कर. घाबरू नकोस.' 'घाबरू नकोस' लिहिलं की माणूस दुसरं काय करणार?

आजी न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. केव्हा? अकरा दिवसांपूर्वी! या अकरा दिवसांत मी चारदा फोन केला होता. ''आजी झोपलीय'', ''आजी देवळात गेलीय'' अशी उत्तरं मिळाली होती, आणि मी देवळावर विश्वास ठेवला होता. मी दादावर ओरडले. तो म्हणाला, ''तू तिकडं एकटी, करणार काय होतीस? उगाच जिवाला घोर.'' मला पुढे बोलता येईना, कारण पुलावाचा रविवार माझ्याही खात्यावर होता.

सकाळी चौदा नंबरच्या आजींना उठवायला गेले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आपल्या थरथरत्या हातानं ओला टॉवेल चेहऱ्यावरून फिरवत म्हणाल्या, ''मग तिला आंघोळ कोण घालतंय?''

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा नव्हता त्यात. पण मला काही उत्तर देता आलं नाही. रोजंदारीवर एक मावशी ठेवल्या होत्या, एवढंच मला कळलं होतं. कुणाची तरी लेक माझ्या आजीला पुसून काढत होती, आणि मी इथे कुणाच्या तरी आजीपाशी उभी.

त्या दिवशी घरी जाऊन मी व्हिडिओ फोन लावला आणि कॅमेरा आजीच्या पलंगाकडे फिरवायला सांगितलं. आजी सपाट झोपलेली. डॉक्टरांनी वॉकर धरून चालवा असं सांगितलं होतं, वॉकर कोपऱ्यात नवा कोरा उभा होता, वर आईची साडी वाळत. ''दुखतंय म्हणते, कशाला तरास द्यायचा म्हातारीला? पडू दे निवांत,'' आई म्हणाली. आई तिला हातानं भरवत होती. मी टाचा बघायला सांगितल्या. उजवी टाच लाल झालेली, माकडहाडावरही लाली. मग मात्र मी भांडले. अण्णांशी सुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा. दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहील, डॉक्टरांना आजच लाली दाखवा, आणि ताट तिच्या हातात द्या. ''सांडेल की गं,'' आई म्हणाली. ''सांडू दे.''

अण्णा म्हणाले, ''तू तिकडं ऑपरेशन थिएटरात असतेस, तुला हे कुठून ठाऊक?''

तेव्हा मग सांगितलं. सगळं. मदतनीस, लंगोट, आंघोळ, उशीतलं रडणं, मेतकूट-भातसुद्धा. पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. अण्णांनी फोन मावशींच्या हातात दिला आणि म्हणाले, ''हिला काय काय करायचं ते नीट दाखव.''

पुढचे दोन महिने रोज माझी पाळी सुटली की मी आणि मावशी. मी माझ्या पलंगावर उशी ठेवून दाखवायची, त्या तिकडे करायच्या. मावशींची अक्कल माझ्यापेक्षा तल्लख. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आजीच्या वॉकरला घंटा बांधली, म्हणजे ती उठली की स्वयंपाकघरात कळावं. आजी मला शिव्या द्यायची. ''जर्मनीला जाऊन पोरगी मास्तरीण झाली, म्हातारीला चालवती!'' डिसेंबरात ती अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली. माझी मान्यता त्यानंतर चार महिन्यांनी आली. अण्णांनी पुन्हा पेढे वाटले की नाही, विचारलं नाही.

चौदा नंबरच्या आजी गेल्या वर्षी, फेब्रुवारीत पहाटे गेल्या. माझ्याबरोबरच्या सहकारिणीनं आधी जाऊन खिडकी सताड उघडली. बाहेर कडाक्याची थंडी. मला वाटलं, रोजच्यासारखी हवा खेळवतेय. इथे भर हिवाळ्यातही खिडक्या उघडायचा यांचा नेम असतो. ती हळूच म्हणाली, ''वाट मोकळी करून द्यायची असते.'' मी दुसरं दारही उघडलं. मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना शेवटचं पुसून घेतलं. टॉवेल मी सवयीनं आधी त्यांच्या हाताशी नेला.

घरी आजीला मी हे सांगितलं. हल्ली आम्ही एकमेकींना सगळं सांगतो, तसं ठरलंच आहे. आजीनं त्याचा सूड म्हणून मला आपल्या पोटाच्या तक्रारी दिवसातून दोनदा ऐकवायला सुरुवात केली आहे. ती ऐकून म्हणाली, ''किती वाजता गेली?''

मी म्हटलं, ''पाव सहाला.''

''म्हणजे?''

''सव्वापाच, आजी.''

''मग तसं सांग की,'' आजी म्हणाली, आणि मावशींना हाक मारून वॉकर मागितला. माझ्याही दाराला कालपासून पाटी लटकते आहे. आज जिना झाडायचा आहे, खालचे आजोबा बोट फिरवून बघणार आहेत.